देवीला सांगितलेली पोटदुखी

देवाशी खोटं बोलू नये, एवढं एक आमच्या घरात पक्कं होतं. माणसांचं वेगळं. पाहुणे अवेळी आले की आई "आताच जेवलंव आमी" म्हणायची आणि ते गेल्यावर आम्ही पानं मांडायचो. बाबांचं नि तिचं वाजलं की तिच्या डोळ्यांत हमखास कांदा गेलेला असायचा. पोटात एक आणि ओठात एक हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, बघूनच आलं. पण देवीपुढे उभं राहिलं की जे असेल ते सांगायचं, तिथं झाकापाक चालत नाही, हे आई आम्हा दोघी बहिणींना दिवा लावताना रोज सांगायची. हा नेम आमच्या घरानं एकदाच मोडला. तो माझ्यापायी मोडला, म्हणून ही हकिगत मी इतकी वर्षं टाळत आले. आता आई नाही, बाबा नाहीत, मोरजीची आत्या नाही. मला कुणाची भीड धरायचं कारण उरलेलं नाही.

आमचं घर डिचोलीच्या बाजाराला लागून. बाबांचा स्वतःचा ट्रक होता, सुर्ल्याच्या खाणीवरून माल भरायचा आणि जेटीवर नेऊन ओतायचा. असे शेकडो ट्रक दिवसभर आमच्या दारावरून जायचे. घर हादरायचं, मांडणीवरचे कोपे, म्हणजे काचेचे पेले, किणकिणायचे, जनेल उघडलं की लाल धूळ आत. वाळत घातलेले कपडे लाल, अंगणातली तुळस लाल, पेजेवरसुद्धा तांबूस साय. आई त्या ट्रकांना दिवसभर शिव्या घालायची आणि त्यातला एक आमचाच होता. मग एक दिवस खाण बंद झाली. वरून हुकूम आला म्हणे. रस्ता मोकळा झाला. पहिले काही दिवस आम्हाला मजा वाटली. पलीकडच्या वाड्यावर पोदेर पाव घेऊन आला की त्याच्या सायकलचं भोंपू घरात बसून ऐकू यायचं, कधी नव्हे ते कपडे पांढरे राहायला लागले. पण मग ती शांतता जाईनाच. दुपारी जेवून उठावं तर भांड्याचा आवाज केवढातरी व्हायचा आणि सगळे दचकून एकमेकांकडे बघायचे. बाबा रोज सकाळी ट्रक धुवायचे. मग एक दिवसाआड धुवायला लागले. मग धुणं थांबलं आणि ते नुसतेच केबिनमध्ये जाऊन, दार ओढून, स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "कामार गेलेसत." ट्रक तर सगळ्यांना दिसत होता.

त्या वर्षी मी अकरावीला होते. नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. एवढं आठवतं की आईनं सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी केली होती, माझ्या आवडीची, आणि मला ती मातीसारखी लागली. मला वाटलं खारट झालीय. ताईनं दोनदा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी पाव-भाजी तशीच लागली, तिसऱ्या दिवशी आंबा. मग झोप गेली. पोदेर यायच्या कितीतरी आधी मी टक्क जागी असायची आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. दुःख होत नव्हतं, हे मला आजही लोकांना पटवून देता येत नाही. दुःख झालं असतं, मी धाय मोकलून रडले असते, तर घरच्यांना काही करता आलं असतं. मला काहीच होत नव्हतं. केस विंचरायला हात वर करायचा तरी मोठं काम वाटायचं. वर्गात बाई बोलत असायच्या आणि त्यांचे ओठ हलताना दिसायचे. आणि मग एक विचार यायला लागला, अगदी साधा, बाजारातून काय आणायचं असा: आपण नसलो तरी चालेल. तो आला की मला भीती वाटायची. पुढे पुढे भीती वाटेनाशी झाली आणि ते जास्त वाईट होतं.

शाळेत विचारायची सोय होती, नव्हती असं नाही. एक समुपदेशक बाई होत्या, चार-पाच शाळा मिळून एक. त्या आल्या की खेळाच्या सामानाच्या खोलीत बसायच्या आणि त्या खोलीचं दार नेमकं मधल्या व्हरांड्यात उघडायचं. आमच्या वर्गातली एक मुलगी एकदा आत गेली. बाहेर आली तोवर तिचं नाव ठरलं होतं, आल्तिनो. पणजीला आल्तिनोच्या टेकडीवर पूर्वी वेड्यांचं इस्पितळ होतं. ते कधीच तिथून हललं होतं, आमच्यातल्या एकानंही ते बघितलं नव्हतं, पण शब्द तेवढा आमच्या आज्यांकडून आमच्यापर्यंत धडधाकट पोचला होता. "आल्तिनो आली, आल्तिनो आली." ती पुढे शाळा सोडून मामाकडे गेली. मी त्या दारावरून जाताना मान खाली घालून, पाय उचलून जायची.

आईला कळत होतं. आयांना कळतं, फक्त कळलेल्याचं काय करायचं ते कळत नाही. तिनं आधी दृष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या आणि ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती असं ठरलं. मग डोक्याला तेल झालं, मग "अभ्यासाचो ताण" झाला, मग मोबाईल काढून घेऊन झाला. शेवटी तिनं मोरजीच्या आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. किनाऱ्यावर तिच्या चार खोल्या होत्या, पाहुण्यांना भाड्यानं द्यायची, आणि साऱ्या जगाचं आपल्याला कळतं असा तिचा तोरा होता. माझ्या ताईचं स्थळही तिनंच आणलेलं, पेडण्याकडचं, सरकारी नोकरीतला मुलगा. बोलणी झाली होती, साखरपुडा तेवढा व्हायचा होता. आत्या आली, माझ्यापुढे बसली, माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.

"काय जाता गो तुका?"

"काय नाय."

"न्हीद?"

"येना."

तिनं हनुवटी सोडली आणि बाबांकडे वळली. "भावा, माणसांक इचारून काय कळाचा नाय. देवीक इचारूया."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर कौल लावायची पद्धत. घराचा पाया घालायचा, मुलीला द्यायचं, दुखणं हटत नाही, कुणाकडे न्यायचं, सगळं देवीला विचारायचं. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की तो मोडायचा नाही. मोडला तर घरावर येतं. मी याला हसत नाही. त्या वेळीही हसत नव्हते. खरं सांगायचं तर देऊळ दिसल्यावर मला बरं वाटलं होतं. कुणीतरी एकदाचं मोठ्यानं विचारील, देवी सांगेल की हिला डॉक्टरकडे न्या, आणि देवीच्या शब्दापुढे आल्तिनो म्हणायची कुणाची छाती होणार नाही, असं मी मनात मांडलं होतं.

आमची कुलदेवी पेडण्याच्या बाजूला. गर्दी नको म्हणून आत्यानं आडवार धरला होता, पण आम्ही आत शिरलो तर सभामंडप भरलेला. कुणाच्या तरी घरची पूजा होती. खांबाला टेकून एक बाई बसल्या होत्या, अंगावर जांभळं लुगडं, नाकात मोठी नथ. आत्यानं बाबांच्या दंडाला चिमटा काढला. त्या ताईच्या होणाऱ्या सासूबाई होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, हसल्या आणि सरकून जवळ जागा केली. परत फिरायची सोय उरली नाही.

गुरवानं पाकळ्या लावल्या, पाणी शिंपडलं आणि बाबांना पुढे बोलावलं. "काय ता मोठ्यान सांग. देवीक आयकाक व्हया."

बाबा हात जोडून उभे राहिले. ते स्वभावानं खोटारडे नव्हते. दिवसभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला गोड बोलायला सवडच कुठली. ते म्हणाले, "माझ्या चेडवाच्या..." आणि थांबले. मी त्यांच्या मागेच होते. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. त्यांनी एकदा खांबाकडे बघितलं.

"...पोटात दुखता," बाबा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. ती पाकळ्यांकडे बघत होती. आत्या जमिनीकडे. मग गुरवानं दोन्ही हात वर केले आणि त्याच्या त्या घुमणाऱ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "गे माये! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायांकडे गाऱ्हाणा घातलासा. तेच्या चेडवाच्या पोटात जी काय व्यथा असा, ती पोटाच्या डॉक्टराच्या हातान बरी होतली असली तर उजवो कौल दी गे माये!" आणि गाऱ्हाण्याला साथ द्यायची म्हणून सारा मंडप ओरडला, "व्हय म्हाराजा!" पूजेला आलेले, प्रसादाला आलेले, पोरंटोरं, आत्या, आई, त्या जांभळ्या लुगड्याच्या बाई, सगळे. उजवी पाकळी लगेच पडली. इतक्या लगेच की लोक कौतुकानं हसले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोट म्हणजे काय गो, येता आनी जाता. ओवो चाव." मला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

त्या दिवसापासून मला पोट झालं. दुसरा शब्द नाही. सकाळी ओवा, दुपारी हिंगाचं पाणी, रात्री मऊ पेज आणि त्यात मीठ तेवढं. मासे बंद, तिखट बंद, पोदेराची कोंड्याची पोळी जड म्हणून बंद. शेजारणी येऊन बेंबीभोवती तेल चोळून जायच्या. रस्त्यात कुणी भेटलं की "पोट कसा असा?" असं माझ्या पोटाची चौकशी करायचे, माझी नाही. घरातही हळूहळू सगळे तसंच बोलायला लागले; बाहेरच्यांसाठी शिवलेला सदरा घरात घालायला काढावा तसं. मी अंथरुणातून उठले नाही की आई ताईला म्हणायची, "आज तेचा पोट जास्त असा." तिच्या तोंडावर खोट्याचा लवलेश नसायचा. आणि गंमत म्हणा, शिक्षा म्हणा, माझं पोट खरोखरच दुखायला लागलं. रात्र पडायला लागली की तिथं गोळा यायचा. मग मलाही वाटायला लागलं, कदाचित पोटच असेल.

देवीनं पोटाचा डॉक्टर सांगितला म्हणून आम्ही म्हापशाला पोटाच्या डॉक्टरकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पोट दाबलं, यंत्र फिरवून आतलं चित्र बघितलं, गोळ्या दिल्या. पुन्हा बोलावलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी पोटाला हातच लावला नाही. मला विचारलं, "मैत्रिणी कोण कोण गो तुज्यो?" मला एकही नाव आठवेना. मग ते बाबांना म्हणाले, "पोट सामकें बरें आसा. हिका मनाच्या डॉक्टराक दाखयात. रावूं नाकात." सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी असा डॉक्टर येतो, एक पैसा लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. येताना बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले होते. साऱ्या वाटेत त्यांनी माझा हात धरला होता, आणि एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर मात्र बोलले. मी आतल्या खोलीत होते, पण आमच्या घरात आता सगळंच ऐकू यायचं.

"देवीन पोटाचो कौल दिलोसा," बाबा म्हणाले. "आता हिका दुसऱ्या डॉक्टराकडे व्हरूचा म्हणजे कौल मोडूचो."

"मगे परत इचारूया," आई म्हणाली.

"परत इचारतलंस तर काय सांगतलंस? पयला सांगलेला खोटा होता म्हणान? थंयच? सगळ्यांच्या मुखार?"

असा तो फास होता. खोटं आम्ही सांगितलं होतं, त्यावर कौल खरा मिळाला होता, आणि आता त्या खऱ्या कौलाला आम्ही बांधलेले. आत्याला फोन लागला. तिचा आवाज फोनमधूनही मोठा. "सविताचा लगीन होवंदे. मगे खंय व्हरूचा थंय व्हरा. तवसर सांभाळा." तवसर म्हणजे तोपर्यंत. मी पडल्या पडल्या तो शब्द घोळवत राहिले. ताईचं लग्न मार्गशीर्षानंतर धरलं होतं. तवसर मी असेन असं मला वाटत नव्हतं, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

इथं थोडं बाबांविषयी लिहायला हवं. त्यांना मी बरीच वर्षं माफ केलं नव्हतं. नंतर, माझी गोळी मला लागू पडायला लागल्यावर, म्हणजे अन्नाला पुन्हा चव यायला लागल्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये बसलेला तो माणूस मला नव्यानं दिसायला लागला. त्यांचीही झोप गेली होती. त्यांच्याही ताटात अन्न उरायचं. त्यांना तर कुणी पोटसुद्धा दिलं नाही.

सुर्ल्याच्या वाटेवर बंद खाणीचा मोठा खड्डा आहे. माती काढून काढून डोंगराचा उलटा डोंगर झालेला, आणि काम थांबल्यावर पाणी भरत गेलं. हिरवं, गप्प पाणी. त्यावर पाखरूही बसताना दिसत नाही. लहानपणी बाबा आम्हाला ट्रकमधून वर उभं करून दाखवायचे आणि आमच्या फ्रॉकची मागची कड मुठीत घट्ट धरून ठेवायचे. एके दुपारी शाळा सुटल्यावर मी डिचोलीला बसमधून उतरले नाही. बस बाजारात थांबली, माणसं उतरली, कोळणींचा गलका ऐकू आला, आणि मी खिडकीशी बसून राहिले. आई तिथंच बांगडे घेत होती. तिनं मला बघितलं, मी तिला बघितलं नाही. बस सुटली. ती सांगायची, माझं तोंड बघून तिच्या हातातली पिशवी सुटली. पैसे न देता, मासे तिथंच टाकून ती धावत नाक्यावर गेली आणि बसच्या मागे जायला पायलटच्या, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर बसली. माझी आई जन्मात कधी परक्या पुरुषाच्या मागे गाडीवर बसली नव्हती.

मी त्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. ती आली, माझ्याजवळ तशीच त्या लाल मातीत बसली, आणि माझं मनगट धरलं. पायलट लांब गाडीपाशी पाठ करून उभा राहिला. बराच वेळ आई धापा टाकत होती. मग तिनं मला तो प्रश्न विचारला, जो इतक्या महिन्यांत घरच्या, शाळेच्या, देवळातल्या एकाही माणसानं विचारला नव्हता.

"मरूक इलंस?"

मी मानेनं हो म्हटलं. मला वाटलं ती किंचाळेल, मारेल. ती म्हणाली, "बरा केलंस सांगलंस ता." मग म्हणाली, "कौल मोडतंय मी. काय येवचा ता माझ्या माथ्यार येवंदे. ऊठ." मनगटावरचे तिच्या बोटांचे वळ नंतर काळेनिळे झाले होते. ते जाऊ नयेत असं मला वाटायचं.

गुरुवार उजाडेपर्यंत तिनं मला नजरेआड केलं नाही. न्हाणीच्या दाराबाहेरसुद्धा पाट टाकून बसायची आणि आत पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची. गुरुवारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. बाबा आले नाहीत. ते ट्रकमध्ये जाऊन बसले. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष तिथल्या कुणाचा नव्हता. एक डॉक्टर आणि अर्धा मुलूख, तो तरी कुठे कुठे पुरणार. खिडकीतली नर्स म्हणाली, "मनाचे डॉक्टर आज येवचे नाय. फुडल्या गुरुवारी येवा."

"आनी तवसर?" आईनं विचारलं.

नर्सला ते कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, फुडल्या गुरुवारी. आई बाकावर जाऊन बसली, मला शेजारी बसवलं, आणि उठली नाही. तो बाक अगदी दारासमोर. डिचोलीच्या बाजारात दिसणारी सगळी तोंडं तिथून आत-बाहेर करत होती. पहिलीच शेजारीण आली. "काय गो, पोट काय तेचा?"

"पोट नाय," आई म्हणाली. "मन बरा नाय तिचा. मरूचा वाटता तिका. डॉक्टरांची वाट बघतंव."

शेजारीण हातातला कागद चाळत निघून गेली. मग दुसरी आली. मग ताईचे एक मास्तर. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, तेवढ्याच शब्दांत, आवाज न वाढवता, न घटवता. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. जमीन दुभंगावी असं वाटत होतं. तिलाही वाटत असणार. तिची मांडी माझ्या मांडीला लागून होती आणि ती सारखी थरथरत होती. दुपारपर्यंत ही बातमी पेडण्याला पोचली असणार हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पोचलीच. ते लग्न मोडलं. आत्या आमच्याशी कितीतरी वर्षं बोलली नाही.

ताई आली ती डबा घेऊन. कुणीतरी तिला बाजारात गाठून सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही मला चारचौघांत थोबाडीत देणार. रडून रडून तिचे डोळे सुजलेले होते. तिनं डबा आईच्या मांडीवर आपटल्यासारखा ठेवला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली, माझ्याकडे न बघता. जवळपास वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही. मात्र त्या बाकावर ती शेवटपर्यंत बसली होती.

दवाखाना बंद करायची वेळ झाली तरी आम्ही तिघी हललो नाही, तेव्हा तिथले मोठे डॉक्टर बाहेर आले. रागावून आले होते. आईनं त्यांनाही तेच सांगितलं, आणि वर विचारलं, "तवसर तुमी बघतल्यात तिका?" ते आत गेले, कुठेतरी फोन केला, आणि दवाखान्याच्याच गाडीतून आम्हाला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. साऱ्या वाटेत मी एकच ठरवत होते, की आता सगळं सांगायचं. अन्नाची माती, छातीवरचा पाटा, हिरवं पाणी, सगळं.

आत एक बाई डॉक्टर होत्या, दिवसभर काम करून थकलेल्या. त्यांनी आईला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, माझ्याकडे खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "घाई नाही. काय होतंय, तू सांग." किती महिने मी या प्रश्नाची वाट बघितली होती. मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते ऐकून मीच थंडगार पडले.

"पोटात दुखता," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात आईनं पुढे वाकून त्यांच्या कागदावर आपला हात आडवा ठेवला.

"लिवं नकात ता," ती म्हणाली. "खोटा सांगता ती. आमीच शिकयला तिका."